औषध, गोळी आणि मांजर : बुलढाणा जिल्ह्यातील घरगुती विषबाधेसंबंधी काही विवेचन

“मांजरीनं औशदाची गोयी खाल्ली” हे वाक्य बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात कानी पडले, तर ऐकणाऱ्यास ते सहज समजते. आणि समजले असे वाटते हाच त्यातील धोका होय. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’ व जवळचे ‘जवय’ होते, त्या नियमाने येथील ‘गोयी’ म्हणजे गोळी. परंतु ही गोळी कोणती? ती ज्वर उतरण्यासाठी माणसाने आणून ठेवलेली असेल. उंदरांसाठी पिठात काळी पूड मळून केलेली असेल. किंवा कीड लागू नये म्हणून गव्हाच्या कोठीत ठेवावयाची असेल. तिन्ही वस्तूंना घरात एकच नाव आहे, ते म्हणजे औषधाची गोळी. तिन्ही मांजरास मारक आहेत. मात्र तिघींची क्रिया निराळी, लक्षणे निराळी व उपचारही निराळे. पशुवैद्याने हे वाक्य ऐकून पहिल्या अर्थाचा उपचार मनात धरावा आणि प्रत्यक्षात दुसरा अर्थ खरा ठरावा, असे झाल्यास हातची वेळ निघून जाते.

मांजराने माणसाच्या घरातील अपायकारक अन्न किंवा अन्नासारखी वस्तू खाल्ल्यास काय करावे, हा प्रश्न वरवर केवळ पशुवैद्यकाचा दिसतो. तथापि पशुवैद्याचे काम सुरू होण्यापूर्वी घरच्या माणसाला काही सांगावे लागते, आणि ते सांगणे मराठीत, बहुधा बोलीत, घडते. ह्या सांगण्यातील शब्द किती नेमके आहेत यावर पुढील पुष्कळसे अवलंबून असते. प्रस्तुत विषयाचा विचार म्हणून येथे शब्दांच्या बाजूने आरंभिला आहे.

मराठीतील ‘औषध’ हा शब्द संस्कृत ‘ओषधि’शी, म्हणजे वनस्पतीशी, संबंधित आहे. त्याचा मूळ रोख रोगनिवारणाकडे. शेतीत रासायनिक कीटकनाशके आली तेव्हा त्यांनाही हेच नाव मिळाले. फवारणीचे औषध, ढेकणांचे औषध, उंदरांचे औषध हे शब्दप्रयोग आज सर्वत्र रूढ आहेत. पिकाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात विसंगती नाही. कपाशीवरची कीड हा कपाशीचा रोग, तेव्हा तिचा नाश करणारे ते औषधच. ग्रीक भाषेतील ‘फार्माकॉन’ हा शब्दही औषध व विष असे दोन्ही अर्थ वाहतो, हे येथे आठवण्यासारखे आहे. विषासाठी मराठीला स्वतंत्र शब्द नाही असे नव्हे. आरंभीच्या ‘वि’मधील ‘व’ गळण्याची जी प्रवृत्ती वऱ्हाडीत आढळते, विहिरीची ‘इहीर’ व विस्तवाचा ‘इस्तो’ जिने होतो, तिच्याच मार्गाने आलेला ‘इख’ हा जोरकस शब्द ग्रामीण बोलण्यात आहे. पण तो मनातील वैरासाठी व कडवटपणासाठी अधिक योजला जातो, दुकानातून आणलेल्या पुडीसाठी नव्हे. पुडीतले ते औषधच राहते.

जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोक स्वतःच पाडतात. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही एका बाजूस. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद ही दुसऱ्या बाजूस. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचे विवेचन आहे, आणि बोलीच्या ज्या खुणा तेथे नोंदल्या गेल्या त्यांतील कित्येक आजही ऐकू येतात. बोलण्याचा सूर तालुक्यागणिक बदलला तरी ‘औषध’ या शब्दाची ही संदिग्धता मात्र घाटाच्या दोन्ही अंगांना सारखीच आहे.

आता त्या तीन गोळ्यांकडे वळू.

पहिली गोळी पॅरासिटामोलची. घरातील मांजर सुस्त दिसले, अंग गरम लागले, तर माणसाला चालते ते त्याला थोडे द्यावे, असा विचार दयाळू माणसाच्याच मनात येतो. आणि या एका दयेने पुष्कळ मांजरे दगावतात. माणसाच्या यकृतात हे द्रव्य ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडले जाऊन निरुपद्रवी होते व मूत्रावाटे बाहेर पडते. मांजराच्या यकृतात हे जोडकाम करणारे एक महत्त्वाचे विकर निकामी आहे. वनस्पती जवळजवळ न खाणाऱ्या या मांसभक्षक प्राण्याला वनस्पतिजन्य द्रव्यांचा निचरा करण्याची गरज कमी पडली, म्हणून ती शक्ती कालांतराने लोपली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. परिणामी द्रव्य दुसऱ्या वाटेने विघटित होते व त्यापासून रक्तातील हिमोग्लोबिन बिघडविणारे पदार्थ बनतात. असे बिघडलेले रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. काही तासांतच हिरड्या मातकट तपकिरी वा निळसर दिसू लागतात, श्वास जलद होतो, लाळ गळते, तोंड व पंजे सुजतात. प्रमाणाचा हिशेब करून पाहावा. मांजराच्या वजनाच्या दर किलोस १० मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेनेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. चार किलो वजनाच्या मांजरास ५०० मिलिग्रॅमची केवळ पाव गोळी दिली तरी ते प्रमाण दर किलोस ३१ मिलिग्रॅमवर जाते. ‘थोडीशीच दिली’ या सांत्वनाला येथे काहीच आधार राहत नाही. मात्र याच विषावर ॲसिटिलसिस्टीन हा खरा उतारा उपलब्ध आहे, आणि तो लवकर मिळाल्यास मांजर वाचते. म्हणून लपविण्यापेक्षा सांगणे हिताचे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक इत्यादी वेदनाशामक गोळ्याही मांजरास वर्ज्यच समजाव्यात.

दुसरी गोळी उंदरांची. काळसर करड्या रंगाची झिंक फॉस्फाइडची पूड पिठात किंवा भाकरीच्या कुस्करात मिसळतात. मांजर ही गोळी क्वचित खाते. अधिक वेळा ती खाल्लेला उंदीर खाते, आणि उंदराच्या पोटात उरलेले विष मांजराच्या पोटात जाते. जठरातील आम्लाशी संयोग होताच फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. या विषावर नेमका उतारा नाही. उपचार लक्षणांनुसार चालतो. येथे दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पोटात अन्न गेल्यास आम्ल वाढते व वायूही वाढतो, म्हणून ‘पोटात काही असू द्या’ असे म्हणून मांजरास भाकरी किंवा दूध देऊ नये. दुसरे, ओकारीतून निघणारा तोच वायू माणसालाही बाधतो. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आल्यास दारे-खिडक्या उघडाव्यात, गाडीच्या काचा खाली कराव्यात, ओकारीवर तोंड नेऊ नये. धान्याच्या कोठीतील ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळीही याच वायूने मारते. ती तर माणसांचेही प्राण घेते. म्हणून ही तिसरी गोळी घरात सुटी ठेवणे हाच अपराध मानावा.

उंदरांसाठी आणखी एक प्रकार बाजारात मिळतो, तो ब्रोमॅडिओलोनच्या रंगीत वड्यांचा. त्याचे लक्षण फसवे आहे. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस मांजर अगदी बरे दिसते. नंतर हिरड्यांतून, नाकातून किंवा शरीरात आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो, कारण रक्त गोठण्याची क्रिया थांबलेली असते. यावर के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे; मात्र तो काही आठवडे द्यावा लागतो. ‘खाल्लं, पण काही झालं नाही’ हे वाक्य पहिल्या दिवशी उच्चारणे म्हणूनच घाईचे ठरते.

येथवर औषधांचा विचार झाला. खुद्द अन्नाचा विचार करताना मराठीतील दुसरी एक शब्दजोडी उपयोगी पडते, ती ‘मानवणे’ व ‘बाधणे’ ही. विष हे सर्वांनाच विष असते. बाधणे मात्र कोणालातरी असते. ‘केळे बाधते’ एवढ्याने वाक्य पुरे होत नाही; कोणाला, हे सांगावे लागते. एकाला मानवते ते दुसऱ्याला बाधते, हे ज्ञान भाषेने आपल्या क्रियापदाच्या रचनेतच साठवून ठेवले आहे. सासूबाई सुनेच्या बाळंतपणात हे ज्ञान काटेकोरपणे पाळतात. घरातील मांजराच्या बाबतीत मात्र ते विसरले जाते. ‘आम्ही खातो तेच ते खाते’ असे कौतुकाने सांगितले जाते. ‘मानवणे’ या क्रियापदाचा ‘मानव’ या शब्दाशी संबंध जोडण्याचा मोह ध्वनिसाम्यामुळे होतो. तो मोह व्युत्पत्तीत चुकीचा आहे आणि मांजराच्या बाबतीत तर घातकच आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कांदा. ज्वारीची भाकरी, कांदा घातलेला झुणका, लसणाचा ठेचा आणि प्रसंगी मटणाचा झणझणीत रस्सा, ही या भागातील जेवणाची ओळख. मांजर कांदा मागून खात नाही; तथापि रश्शातील हाड किंवा रस्सा भिजलेला भाकरीचा तुकडा ते आनंदाने खाते, आणि त्याबरोबर कांदा-लसणाचा अर्क पोटात जातो. कांदा, लसूण, पातीचा कांदा या सर्वांत गंधकयुक्त द्रव्ये असतात. ती मांजराच्या तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनवर आघात करतात. या आघाताला बळी पडणारे गंधकगट माणसाच्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत दोन असतात, तर मांजराच्या रेणूत आठ. बिघडलेले हिमोग्लोबिन पेशीच्या कडेला गोळा होते, पेशी दुबळी बनून फुटते आणि रक्त कमी पडते. शिजविल्याने, तळल्याने वा वाळविल्याने हा दोष जात नाही; वाळवून केलेल्या मसाल्याच्या पुडीत तर तो अधिक एकवटलेला असतो. लसूण कांद्याहून तीव्र आहे.

मांजराच्या वजनाच्या दर किलोस सुमारे ५ ग्रॅम कांदा रक्तावर स्पष्ट परिणाम घडवून आणतो. तीन किलोच्या मांजरास म्हणजे १५ ग्रॅम. मध्यम आकाराच्या एका कांद्याचा आठवा हिस्सा झाला. हे एकाच वेळी पोटात जावे लागते असेही नाही. रोज थोडे थोडे गेल्यानेही तोच परिणाम साचतो. शिवाय लक्षणे त्याच दिवशी दिसत नाहीत. एक ते पाच दिवसांनी मांजर मलूल होते, खाणे सोडते, हिरड्या फिकट किंवा पिवळसर होतात, मूत्र तांबूस वा गडद तपकिरी उतरते, धाप लागते. तोवर रश्शाचे जेवण विसरलेले असते, आणि ‘उन्हानं झालं असंल’ अशी समजूत करून घेतली जाते. म्हणून कांदा पोटात गेल्याचे कळताच पशुवैद्यास सांगावे आणि पुढे निदान आठवडाभर रोज हिरड्या पाहाव्यात. वरचा ओठ हळूच उचलला की हिरडी दिसते. निरोगी मांजराची ती गुलाबी असते. हिरड्या जन्मतःच काळ्या असल्यास डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतील रंग पाहावा.

इतर अन्नांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. चॉकलेट, कोको, चहाची पत्ती व कॉफी यांतील द्रव्ये हृदयाची गती वाढवितात व झटके आणतात. सुदैवाने मांजर त्यांच्याकडे फारसे वळत नाही, कारण त्याला गोड चव कळतच नाही. गोडीची संवेदना ज्या जनुकावर अवलंबून आहे ते मांजरवंशात निकामी झालेले आहे, असे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. श्रीखंडाच्या पातेल्याभोवती फिरणारे मांजर साखरेसाठी नव्हे, स्निग्धांशासाठी फिरत असते. द्राक्षे व मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडास घातक ठरल्याचे प्रसिद्ध आहे. मांजरासही त्या देऊ नयेत. शिजविलेल्या कोंबडीच्या हाडांचे टोकदार तुकडे घशात किंवा आतड्यात रुततात. आंबविलेले कच्चे पीठ, मद्य, लोणच्याचा खार हेही वर्ज्य. आणि दूध? मराठी बालकथांनी मांजर व दूध यांचे लग्नच लावून दिले आहे. प्रौढ मांजरांपैकी पुष्कळांना दुधातील शर्करा पचत नाही व त्यांना जुलाब होतात. हे विष नव्हे, पण हा बाधण्याचाच प्रकार आहे. केवळ दूध-भाकरीवर वाढविलेल्या मांजराला मांसातून मिळणारे टॉरिन पुरेसे मिळत नाही, आणि त्याच्या अभावी कालांतराने दृष्टी व हृदय दोन्ही दुबळी होतात.

असे काही खाल्ल्याचे लक्षात आले म्हणजे घरात पहिली धावपळ ‘उतारा’ देण्याची होते. हा शब्दही दुहेरी आहे. विषावरील प्रतिद्रव्य तो उतारा, आणि दृष्ट किंवा बाधा काढून तिठ्यावर ठेवतात तोही उताराच. दोहोंच्या मधोमध घरगुती उतारे येतात : मिठाचे पाणी, चिंचेचा कोळ, ताक, तूप, गोडे तेल. यांतील एकही मांजरास देऊ नये. मिठाच्या पाण्याने रक्तातील क्षार धोकादायक पातळीवर चढतो. तेल-तूप जबरदस्तीने पाजताना फुप्फुसात उतरते. घशात बोट घालून ओकारी काढण्याचा प्रयत्न मांजराला श्वासरोधाकडे व माणसाला चाव्याकडे नेतो. कुत्र्यांसाठी कधी कधी सुचविले जाणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराच्या जठराचे अस्तर जाळते. ओकारी करवायची की नाही आणि कोणत्या औषधाने, हे पशुवैद्याने ठरवावयाचे. शुद्ध हरपलेल्या किंवा झटके येत असलेल्या जनावरास तर ती करवीतच नाहीत. घरी करण्यासारखे आहे ते एवढेच : उरलेले अन्न मांजरापासून दूर करावे, घरातील दुसरे मांजर असल्यास त्याला वेगळे कोंडावे, आणि मांजर निवांत, अंधाऱ्या व उबदार जागी ठेवावे. फवारणीचे औषध अंगावर सांडले असल्यास ते चाटण्यापूर्वी हातमोजे घालून कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे.

यानंतर खरे काम सांगण्याचे. जिल्ह्यात पशुसंवर्धन खात्याचे व जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. गंभीर प्रसंगी खामगाव-शेगावकडील माणसाला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ पडते. खामगावाहून अकोला सुमारे ५० किलोमीटर आहे. लोणार-सिंदखेड राजाच्या बाजूने हे अंतर पुष्कळ वाढते, आणि म्हणून तेथे निघण्यापूर्वीच दूरध्वनीवर नीट सांगणे अधिक मोलाचे. खेड्यातील दवाखान्याचा बहुतेक काळ गाई-म्हशी व शेळ्यांत जातो हे खरे. परंतु नेमकी माहिती मिळाली तर तेथील पशुवैद्य पहिला उपचार सुरू करू शकतो व पुढची वाट दाखवू शकतो.

नेमकी माहिती म्हणजे काय, हे पुन्हा शब्दांवरच येते. ‘मघाशी’, ‘दिवेलागणीला’, ‘कोंबड्याच्या वक्ताला’ हे कालवाचक शब्द बोलीचे वैभव आहेत. परंतु पॅरासिटामोलच्या बाबतीत दोन तास व आठ तास यांत जीव-मृत्यूचे अंतर असू शकते, म्हणून घड्याळाचा तास सांगावा. ‘चिमूटभर’, ‘घासभर’, ‘उष्टावलं फक्त’ यांऐवजी पातेल्यात किती होते व किती उरले, पाकिटात किती गोळ्या होत्या व किती शिल्लक आहेत, हे सांगावे. मांजराचे वजन ठाऊक नसल्यास त्याला पिशवीत ठेवून किराण्याच्या काट्यावर करता येते, किंवा स्वतः त्याच्यासह व त्याच्याविना वजन करून वजाबाकी करता येते. ‘औषध’ हा शब्द तर शक्यतो उच्चारूच नये. पुडी, बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे; छापील नाव वाचता येत नसल्यास त्याचे छायाचित्र पाठवावे. ओकारी झाली असल्यास तिचा अंश डबीत घालून न्यावा. मात्र उंदरांच्या पुडीचा संशय असेल तर डबी घट्ट लावावी व ती उघडणाऱ्यास आधी सावध करावे.

या सांगण्यात एक अडचण निराळ्या प्रकारची आहे. मांजर मारल्यास सोन्याची मांजर दान करावी लागते, अशी समजूत मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आज ती कोणी अक्षरशः पाळीत नाही. तथापि आपल्या हातून मांजर दगावले हे कबूल करणे अजूनही जड जाते. उंदरांसाठी ठेवलेल्या गोळीने शेजारच्यांचे मांजर तडफडू लागले, की गोळी कोणी ठेवली हे सांगण्यास कोणी पुढे येत नाही, आणि ‘काही तरी खाल्लं असंल’ या सात्त्विक वाक्यावर भागविले जाते. पशुवैद्याला या वाक्यापासून काहीच मिळत नाही. त्यापेक्षा, “सकाळी आठ वाजता उंदरांसाठी काळी पूड पिठात घालून ठेवली होती, चार गोळ्या होत्या, तीन उरल्या, दहा वाजता मांजर एकदा ओकलं” एवढे जरी कोणी म्हणाले, तरी पुढचा तास वाया जात नाही.